दारावरचा दाब

आठ वर्षं मी एकच गोष्ट सिद्ध करतोय: वाऱ्याचा वेग मोजला की दाब गणिताने निघतो, दाबमापक लागतच नाही. आज चारला पीएचडीची तोंडी परीक्षा. हुकली तर नोंदणी रद्द, आठ वर्षं पाण्यात.

दोनच्या सुमारास मी वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची काच पुसायला प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात शिरलो. माझ्या मार्गदर्शक सरांना वाटलं, मी चहाला गेलोय. त्यांनी पंखा लावला. पंखा आतली हवा ओढून घेतो, आणि दार उघडतं बाहेरच्या बाजूला; म्हणजे बाहेरची हवाच ते दाबून धरते. मी ढकललं. दार ढिम्म.

बोगद्याच्या काचेच्या भिंतीवर थापा मारल्या. सर आले. पंख्याच्या आवाजात काही ऐकू जाईना, म्हणून त्यांना फोन लावला.

"सर, पंखा बंद करा!"

"वेडा आहेस का? दोन तासांचं मोजमाप सुरू झालंय. थांबवलं तर परीक्षेत दाखवशील काय, तोंड? कोपऱ्यात बस. हलू नकोस."

मुद्दा बिनतोड होता. बसलो.

सफाईवाल्या मावशी डोकावल्या. "अगं बाई, पोरगा कोंडलाय होय! मला वाटलं, नवीन पुतळा आणला."

मोजमाप संपायला दहा मिनिटं असताना परीक्षक बाई आल्या. काचेतूनच परीक्षा सुरू. बाहेर पडद्यावर माझा रंगीत नकाशा: इथे दाब कमी, तिथे जास्त.

"जास्त म्हणजे किती?" बाईंनी फोनवर विचारलं.

मला कबूल करावं लागलं: वेगावरून दोन जागांमधला दाबाचा फरक तेवढा कळतो. खरा आकडा हवा तर एका तरी जागी दाब मोजावाच लागतो.

"एकही दाबमापक नाही?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"अहो, मग दार ओढून बघा की, किती जोर लागतो ते!" मावशी म्हणाल्या आणि रद्दी तोलायचा ताणकाटा घेऊन आल्या. तो कडीला अडकवून तिघांनी ओढलं. काटा ऐंशी किलोवर गेला आणि दार फाडकन उघडलं. सर खाली, त्यांच्यावर बाई, वर मावशी. मी तिघांना ओलांडून बाहेर!

बाईंनी बसल्या बसल्याच दाराच्या मापावरून दाब काढला. "छान! हा आकडा मोजमापाला लावा."

सर पडद्याकडे बघत होते. दार उघडल्यामुळे सगळ्याचा विचका झाला होता.

"मी सातपर्यंत आहे," बाई म्हणाल्या. "पुन्हा मोजा."

"मोजतो की!" मी म्हणालो. "आता मी आत नाही, वारा कसा मोकळा वाहील!"

"तीच तर अडचण," सर कपडे झटकत म्हणाले. "हा आकडा तू आत असतानाचा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशींनी दार धरलं.

"जा राजा. आधी जाऊन येतोस का कुठे? दोन तासांचा प्रश्न आहे."