मंगळवारचं तेल

सरकारी आरोग्य योजनेच्या सल्लागार समितीवर आदिवासींचा आवाज पाहिजे, असा वरून हुकूम आला आणि देवनहळ्ळीबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीतून कस्तुराबाईला बोलावणं गेलं. कस्तुराबाई विमानतळाच्या रस्त्याला पपनसं विकायची. मूळची सीमेवरच्या इंडीकडची, मराठी आणि कानडी दोन्ही फडाफडा बोलणारी, भांडायला तर एक नंबर. वस्ती खूश झाली. आता आपली बाई साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसणार!

बसली खरी. पहिल्या बैठकीत तिला शाल मिळाली, समई लावायला मिळाली, फोटो निघाला. मग ती बोलायला उठली, तर चहा आला.

तिला एकच गोष्ट मागायची होती. दर मंगळवारी फिरत्या दवाखान्याची गाडी यायची, पण थांबायची नव्या लेआउटमधल्या बंगल्यांच्या फाटकाच्या आत, जिथं घरटी एक मोटार. वस्तीतल्या बायकांना वॉचमन आत सोडायचा नाही. कस्तुराबाईच्या धाकट्या सुनेला, सोनमला, सहावा महिना लागला होता. पाय भोपळ्यासारखे सुजलेले, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. थोरली सून अशीच सुजून बाळंतपणात गेली होती, आणि तेव्हापासून कस्तुराबाईच्या काळजात धास्ती बसली होती.

दुसऱ्या बैठकीत तिनं चहा येण्याआधीच उभं राहून हे सगळं सांगितलं. समितीचे प्रमुख वासुदेवराव शहरातल्या राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. बैठक संपल्यावर मात्र त्यांनी तिला जिन्यात गाठलं. तिला वाटलं, पावला देव!

"अक्का, एक विचारू?" इकडंतिकडं बघत त्यांनी टकलावरून हात फिरवला. "तुमच्यात ते केसांचं तेल असतं की नाही, जंगलातलं? मोबाइलवर बघितलं मी. स्वल्प देता का?"

"आमच्यात असलं काय न्हाई ओ साहेब. ते तेल करणारे लोक येगळे. आमी दुकानातलंच खोबरेल लावतो."

वासुदेवराव हसले. "तुम्ही लोक गुपित सांगत नाही, माहितंय मला."

कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेचं ऐकताना या माणसाचे डोळे मिटलेले, आणि केसांचं नाव काढताच टक्क उघडे! पण घरी येऊन बघते, तर सोनम भिंत धरून उभी, तोंड पांढरंफटक. राग गिळावा लागला. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या दारात हजर झाली.

"तेल हाय साहेब. पण ते बाटलीतनं न्यायाचं नसतंय. वस्तीवरच्या चिंचेखाली, मंगळवारी, आमच्याच हातानं लावून घ्याचं. आन् लोकांनी बोट दाखवू नये म्हणून दवाखान्याची गाडी संगं आणायची."

"सरी, सरी," साहेबांनी लगेच मान डोलावली.

मंगळवारी गाडी वस्तीवर आली. कागदोपत्री ती साहेबांची पाहणी होती. कस्तुराबाईनं किराणा दुकानातल्या खोबरेलात कढीपत्ता कढवला होता आणि वास यावा म्हणून मूठभर मेथी टाकली होती. चिंचेखाली साहेब डोकं पुढं करून बसले आणि इकडं नर्सबाईंनी सोनमचा रक्तदाब बघितला. बघताच त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. मग दर मंगळवारी तपासणी, दर मंगळवारी तेल. सोनमची सूज उतरली, तोंडावर रंग आला. टक्कल चोळता चोळता कस्तुराबाई मनातल्या मनात देवीला विनवायची, बाई गं, सोनम मोकळी होईपर्यंत या माणसाला केस येऊ देऊ नकोस. देवीनं ऐकलं. एकही केस उगवला नाही.

योजनेच्या अहवालात तिचा शाल पांघरलेला फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, आदिवासी प्रतिनिधित्वामुळे योजना वस्तीपर्यंत पोहोचली.

सोनमला नववा लागला आणि वासुदेवरावांची बदली झाली. गाडी परत फाटकाच्या आत गेली.

पुढच्या बैठकीला नवे साहेब होते, बेळगावकडचे. आत शिरताना कस्तुराबाईनं आधी त्यांचं डोकं बघितलं. केस काळेभोर, दाट, कंगवा अडकेल असे. तरी ती उभी राहिली आणि जे खरं तेच बोलली. फाटक, गाडी, नववा महिना. थोरली कशी गेली ते सांगताना तिला रडू आलं.

"लेखी द्या, बघू," मोबाइलवरची नजर न काढता साहेब म्हणाले. चहा आला.

कप घ्यायला साहेब उठले. उठताना त्यांनी टेबलाला धरलं आणि दातांवर दात दाबले. कस्तुराबाईनं पदरानं डोळे पुसले, नीट बघितलं आणि जवळ सरकली.

"गुडघा धरलाय काय ओ साहेब?"

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

"तुमच्यात त्याच्यावर काही असतं का?"

"असतंय की," कस्तुराबाई म्हणाली. "मंगळवारी या. गाडी घेऊन या."