तेल टाकलंस ना?

मी एका जुन्या स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन बोलतोय. घाबरट इंजिन म्हणा, मला राग येणार नाही. जन्मलो कारखान्यात, पण भीती वाघोबाच्या खिंडीतून घेऊन आलो, आणि ती काही केल्या सुटत नाही.

माझी जात आधी समजून घ्या. इतर इंजिनांना तेल वेगळं मिळतं, मला ते पेट्रोलातच मिसळून द्यावं लागतं. त्या तेलावर माझा पिस्टन ओला राहतो, आणि जळून उरलेलं निळसर धूर होऊन मागून निघतं. धुराला लोक नाकं मुरडतात. पण तो धूर म्हणजे माझी खुशाली. तेल मिळालं नाही की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो, मी जागच्या जागी गच्च होतो आणि माझ्याबरोबर मागचं चाकही. वर बसलेल्या माणसाचं मग काय होतं, ते मी एकदा पाहिलंय.

माझे मालक शांताराम, पालघरजवळच्या माहीमचे वाडीवाले. त्यांची केळी, त्यांची पानांच्या करंड्यांची ओझी मी वीस वर्षं वाहिली. माणूस लाखात एक, फक्त खोड एकच. टायर गुळगुळीत झाला तरी "चालतंय", ब्रेक लागेना तरी "चालतंय". एका सकाळी तेलाची बाटली रिकामी निघाली. त्यांनी ती उलटी केली, झटकली आणि म्हणाले, "मनोरपरेंत काय व्हतंय?"

मनोरच्या वाटेवर, वाघोबाच्या खिंडीच्या चढावर माझा आवाज रडका झाला, ओढ गेली. शांतारामांनी अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला. माणसांची ही एक गंमतच आहे. दमलेल्याला ती आणखी पळवतात. मी गच्च झालो, चाक घासत आडवं गेलं आणि मालक रस्त्यावर. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "इंजिनानं दगा दिला." बाटलीचं नावही काढत नसत. मी पडवीत उभा राहून ऐकत असे. मला तोंड नाही. असतं तरी मालकासमोर उघडलं असतं की नाही, शंकाच आहे.

सहा वर्षं मी त्या पडवीत गंजलो. उंदराने माझ्या फिल्टरमध्ये संसार थाटला. शांताराम लंगडत वाडीत जात, लंगडत परत येत, पण माझ्याकडे बघत नसत. वाडीच्या पलीकडे तर त्यांनी पाऊलच टाकलं नाही.

मग त्यांच्या मुलीला, मंजुळाला, तारापूरच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेत काम मिळालं, आणि तिने मला बांधून, म्हणजे आतून नवं करून, घ्यायचं ठरवलं. तिची आई, माई, चिडली.

"ह्या गाडीनं तुज्या बापाला पाडलं. भंगारात दे ती."

"बाबांची गाडी हाय, माई. इंजिन खराब झालंय तर नवीन करूया ना," मंजुळा म्हणाली.

शांताराम तिथेच सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी माई म्हणाली, "एकदा काय ते करून बघ. पन परत दगा दिला तर माजा मी भंगारवाला बोलवीन." तेव्हापासून मला भीती दोन प्रकारची. एक भंगाराची. दुसरी मोठी, या पोरीला पाडण्याची.

सरावलीच्या रामू मिस्त्रीने मला उघडलं. सिलिंडर लेथवर जाऊन आला, पिस्टन नवा बसला. नवी चप्पल जशी चावते तसे नवे भाग एकमेकांना चावतात, म्हणून सुरुवातीला फार जपावं लागतं. रामूने तिला बजावलं, "दीदी, पहले पाँच सौ किलोमीटर चालीस के ऊपर मत जाना। बीच में रुकना, ठंडा होने देना। दो उँगली हमेशा क्लच पर। और तेल डालना मत भूलना, अभी थोड़ा ज़्यादा ही।"

मंजुळाने हे सगळं वहीत लिहिलं. तेलाची बाटली डिकीत ठेवली. रोज माहीम ते एमआयडीसी, वाटेत दोनदा थांबून मला गार करत ती जायची. मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. रिक्षावाले धुरावरून टोमणे मारायचे. तिची दोन बोटं क्लचवरून हलली नाहीत. असे साडेतीनशे किलोमीटर झाले. मला वाटू लागलं होतं की निभावलं.

मग एके दिवशी तिचा चुलतभाऊ ज्ञानेश, जो तिथेच एका कारखान्यात आहे, दुपारी मला घेऊन गेला. टाकीतलं पेट्रोल संपत आलं होतं. मंजुळाने त्याला सांगितलं, "पेट्रोल भरशील तेवा तेल पन टाक." त्याने अर्धंच ऐकलं. संध्याकाळी तिने विचारलं, "तेल टाकलंस ना?"

"टाकलं ना. फुल."

फुल म्हटल्याबरोबर मी हादरलो. तेल कोणी फुल टाकत नाही! ज्ञानेशच्या पाळीतली सगळी मंडळी हिंदी बोलणारी. ती पेट्रोललाच तेल म्हणतात, आणि त्यांच्यात राहून तोही म्हणायला लागला होता. दोघंही खरं बोलले होते, आणि डिकीतली तेलाची नवी बाटली सीलबंदच होती.

मंजुळाने किक मारली. मला चालू व्हायचं नव्हतं. पण किक बसली की चालू होणं हा माझा धर्म.

पहिले तीन-चार किलोमीटर जुन्या ओलाव्यावर निघाले. पालघर रस्त्याला लागलो आणि पिस्टन कोरडा पडू लागला. मागे रसायनाचा टँकर होता. माझ्या अंगात ताप भरला, आवाज रडका झाला, ओढ गेली. आता ती पिळणार, मी म्हटलं. बापाचीच लेक. तिने खरंच थोडं पिळलंही. खिंडीतला तो घासत जाणारा आवाज मला पुन्हा ऐकू येऊ लागला.

मग तिने आरशात पाहिलं. रोज आरशात धुराचा पुसट पडदा असायचा. आज धूरच नव्हता, टँकर लख्ख दिसत होता. तिने त्याच क्षणी क्लच दाबला, आणि मी गच्च झालो. पण क्लचमुळे चाक माझ्यापासून सुटून मोकळं होतं. स्कूटर घरंगळत कडेला गेली. टँकर आमच्या अंगावरून वारा टाकत पुढे निघून गेला. स्कूटर थांबल्यावरही बराच वेळ तिला क्लच सोडता येईना, बोटंच उघडत नव्हती.

तिने घरी फोन लावला. "बाबा, इंजिनानं मला पन दगा दिला," एवढं म्हणून ती रडू लागली. मला भंगारवाल्याचा वजनकाटा दिसू लागला.

तासाभराने रिक्षा थांबली. लंगडत उतरले ते शांताराम. सहा वर्षांनी ते वाडीच्या पलीकडे आले होते. त्यांनी पोरीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग डिकी उघडली आणि सीलबंद बाटली हातात धरली.

"तेल नाय टाकलं?"

मंजुळाने ज्ञानेशला फोन केला. पलीकडून तो म्हणाला, "तेल म्हंजे पेट्रोलच ना?" तिने डोळे पुसले. "म्हंजे इंजिनाची चूक नाय, बाबा."

शांतारामांनी बाटलीचं सील तोडलं. "तवा पन नव्हती."

"तवा म्हंजे?"

"खिंडीत. बाटली रिकामी व्हती. मला म्हाईत व्हतं. तरी काडली गाडी."

"मग सहा वरसं सांगितलं का नाय?"

"भ्यालो, पोरी. तुमी काय म्हनाल म्हनून भ्यालो."

मला वाटायचं, त्या घरात भित्रा मी एकटाच.

त्यांनी माझा प्लग काढला, आत तेलाच्या धारा सोडल्या आणि गिअर टाकून स्कूटर मागेपुढे हलवत राहिले, घाई न करता. बऱ्याच वेळाने पिस्टन सुटला. टाकीत तेल पडलं. चौथ्या किकला धूर आला. शांताराम त्या धुरात खोकत उभे राहिले, आणि रिक्षावाल्याला जायला सांगून पोरीच्या मागे बसले.

तो महिना सरला. बाटलीची गोष्ट शांतारामांनी माईलाही सांगितली, आणि भंगारवाला काही आला नाही. रामूने मला उघडून पाहिलं. सिलिंडरवर एक ओरखडा आहे, पण चालण्यासारखा आहे. पाचशे पूर्ण व्हायला अजून चाळीस बाकी आहेत. भीती गेलेली नाही, रोज किकबरोबर ती आधी चालू होते आणि मग मी. तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल तर एवढंच करा. त्याचा आवाज रडका झाला की पिळू नका. थांबा, उतरा, आणि तेल दिलं होतं का, ते आधी स्वतःला विचारा.