हसण्याआधीचा प्रश्न

मोठी माणसं उत्तर देण्याआधी का हसतात, या एका प्रश्नाने मला काही दिवस भंडावून सोडलं होतं.

मी रेडिओ केंद्रातल्या टेपच्या खोलीत काम करते. जुन्या रिळांवरचे आवाज संगणकावर चढवायचे, खरखर काढायची आणि कोण काय बोललंय ते लिहून ठेवायचं. खोलीला खिडकी नाही. माझा पारा लवकर चढतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मला एकटीलाच बसवलंय, आणि ते मला मान्य आहे. मध्यंतरी माझ्याकडे गिटारवाल्यांच्या मुलाखती आल्या. रॉकवाले, ब्लूजवाले, एकेकाळी मैदानंच्या मैदानं भरवणारे लोक. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या केंद्राने त्यांना गाठून बोलतं केलं होतं, आणि आता त्याची मालिका करून पुन्हा ऐकवायची होती.

मुलाखतकार म्हणजे आमचे भारदस्त. हे त्यांचं केंद्रातलं टोपणनाव. आवाज असा की त्यांनी कांद्याचे भाव वाचले तरी लोक रेडिओसमोर पाठ ताठ करून बसत. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण जिन्यात त्यांचा फोटो आहे आणि येणारेजाणारे अजून त्याला दबून असतात. तर टेपवर भारदस्त प्रत्येकाला विचारत, "आपलं आद्य प्रेरणास्थान कोण?" आणि समोरचा, मग तो कितीही मोठा असो, आधी हसायचा.

एक रॉकवाला होता, भर कार्यक्रमात गिटारी आपटून फोडणारा. तो फिसकन हसला आणि म्हणाला, "बायको. आणि अजूनही, रोज." हे ऐकून त्या काळी अनेक बायकांचे डोळे पाणावले होते म्हणे. दुसरा म्हणाला, "आमच्या मजल्यावरचे सगळेच." आणि ब्लूजचा बादशहा, ज्याला त्याच्या घोगऱ्या गळ्यामुळे सगळं जग लाडाने बेडूक म्हणतं, तो तर ठसका लागेपर्यंत हसला. त्याचं हसणं खालून सुरू होतं, मध्येच अडकतं आणि शेवटी बारीक शीळ वाजल्यासारखं संपतं. मग तो म्हणाला, "खालचा लॉन्ड्रीवाला. एकदा तर गरम इस्त्री हातात घेऊनच वर आला."

हा लॉन्ड्रीवाला पुढे फार मोठा झाला. एका विद्वानाने इस्त्रीची लय आणि ब्लूजचा ठेका यांच्या नात्यावर प्रबंध लिहिला. लॉन्ड्रीच्या भिंतीवर पितळी पाटी लागली, ‘एका थोर कलावंताचे प्रेरणास्थान’. मी स्वतः तिथे कोट टाकलाय. इस्त्री बेताचीच असते.

एका संध्याकाळी जेवणाआधी मी हे घरी सांगत होते. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्याही आमच्याच केंद्रातून निवृत्त झालेल्या, पण विचारलं की "ऑफिसात होते" एवढंच सांगायच्या. त्यांची एक सवय होती. रेडिओवर गिटारवाल्यांची जुनी मुलाखत लागली की त्या उठून रेडिओ बंद करायच्या. त्यांना गिटार आवडत नाही अशी आमची समजूत होती.

"सगळे हसतात कशाला पण?" मी म्हटलं. "प्रेरणास्थानात हसण्यासारखं काय आहे?"

सासूबाईंनी शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाल्या, "त्यांना प्रेरणास्थान विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, पहिल्यांदा ‘बंद कर ते’ असं तुम्हाला कोण म्हणालं?"

नवऱ्याचा हात पाण्याच्या पेल्यावरच थांबला. जन्मदात्या आईने आपल्याला हे कधी सांगितलं नाही, असा चेहरा करून तो बसला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाई तरुणपणी केंद्राच्या आवाज-चाचणीत नापास झाल्या होत्या. आवाज बारीक, चिरका, प्रसारणाला चालणार नाही. (तोच आवाज आमच्या घरात चार भिंतींपलीकडे चालतो, ती गोष्ट वेगळी.) म्हणून त्यांना बाहेरचं काम दिलं. टेपरेकॉर्डरची ती जड पेटी खांद्याला लावून त्या हॉटेलच्या खोल्यांत, स्टेजमागच्या बोळांत जायच्या आणि गिटारवाल्यांना बोलतं करायच्या. पण नापास आवाज हवेत जाऊ द्यायचा नाही असा तेव्हाचा शिरस्ता होता. केंद्रात आल्यावर त्यांचे प्रश्न टेपमधून ब्लेडने कापून काढत, आणि त्या जागी भारदस्त स्टुडिओत बसून तेच प्रश्न पुन्हा म्हणत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यातून ‘बंद कर ते’ असलं काही विचारणं भारदस्तांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. त्यांनी प्रश्न सुधारून घेतला. उत्तर मात्र सुधारता येत नव्हतं.

लॉन्ड्रीवाला इस्त्री घेऊन वर का आला होता ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसून झाल्यावर राग आला. कापलेले तुकडे कुठे आहेत, मी विचारलं. कचऱ्यात, दुसरीकडे कुठे असणार, त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही इतकी वर्षं मूग गिळून गप्प बसलात?"

"मला काय कमी होतं? गिटारवाले भेटत होते," त्या म्हणाल्या. मग एक शेंग उगाच दोनदा चाचपून बघितली. "गप्प कुठे बसले? रेडिओ बंद करायचेच की मी."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी भांडायला निघते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आमचे साहेब माणूस सज्जन, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं अवघड जातं. मालिका आठवड्यावर आली होती आणि पोस्टरवर भारदस्तांचा फोटो होता. मी म्हटलं, हा सगळा आयत्या बिळावर नागोबा आहे, मुलाखती माझ्या सासूबाईंच्या आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हसणं ऐका आणि तुम्हीच सांगा हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. साहेबांनी माझ्या खोलीत येऊन टेप ऐकली. इस्त्रीपाशी तेही हसले. पण मग म्हणाले की सासू तुमची, टेप तुमच्या ताब्यात, आणि सांगणाऱ्याही तुम्हीच. लोक काय म्हणतील? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे माझा पारा आणखी चढला.

शेवटी तोड त्यांनीच काढली. त्या सगळ्या गिटारवाल्यांपैकी बेडूक अजून होते, ऐंशीच्या घरात, आणि मालिकेच्या सुरुवातीला फोनवरून दोन शब्द बोलायला तयार झाले होते. साहेब म्हणाले, "त्यांनाच विचारू. त्यांनी तुमच्या सासूबाईंचं सांगितलं तर पोस्टर बदलतो आणि मालिका त्यांच्या नावाने करतो. त्यांनी भारदस्तांचं सांगितलं, तर हा विषय तिथेच संपला."

सासूबाई आधी तयारच होईनात. नापास आवाज घेऊन स्टुडिओत कशाला जायचं, म्हणाल्या. मी म्हटलं, बोलू नका, नुसत्या बसा. नवरा म्हणाला, आई नुसती बसलेली मी अजून पाहिलेली नाही. त्यावर त्या त्याला चार शब्द बोलल्या आणि त्या भरात तयार झाल्या.

स्टुडिओत साहेब आणि सासूबाई टेबलाशी बसले. मी काचेच्या अलीकडे, बटणांपाशी. फोन लागला. बेडकांच्या मांडीवर गिटार होती हे पलीकडून कळत होतं, कारण बोलता बोलता ते तारा छेडत होते. कानाने थोडे कमी झालेले, त्यामुळे साहेबांना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. नमस्कार झाले, तब्येत झाली, आणि साहेबांनी विचारलं की आमच्या केंद्राने आपली मुलाखत घेतली होती, ती घेणारं माणूस आठवतं का?

"आठवतं तर," बेडूक म्हणाले. "काय आवाज होता हो त्यांचा. भारदस्त."

साहेबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही बरं वाटलं नव्हतं, हे दिसत होतं. मला मात्र ती फोनची वायर दातांनी तोडावीशी वाटली. ती मुलाखत रेडिओवर इतक्या वेळा वाजली होती की खुद्द ज्याची मुलाखत, त्यालाही रेडिओवरचीच आठवत होती. सासूबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. निघायची तयारी.

साहेब आभार मानायला लागले. पलीकडे तारा वाजतच होत्या. सासूबाईंनी पर्स पुन्हा खाली ठेवली, पुढे सरकून मायक्रोफोन आपल्याकडे ओढला आणि त्या बारीक, चिरक्या आवाजात विचारलं, "आणि आता कोण म्हणतं हो, बंद कर ते?"

तारा थांबल्या.

मग हसणं आलं. खालून सुरू झालं, मध्येच अडकलं आणि शेवटी शीळ. चाळीस वर्षांनी जुनं झालेलं, पण तेच. साहेब सरळ होऊन बसले. ते हसणं त्यांनी माझ्या खोलीत ऐकलेलं होतं.

"पेटीवाल्या बाई," बेडूक म्हणाले. "अहो, ती पेटी तुम्ही माझ्या पायावर आदळली होती. थंडीत अंगठा अजून दुखतो."

"तुम्ही पाय मध्ये घातला होता," सासूबाई म्हणाल्या.

मग दोघं सुटलेच. साहेबांना मध्ये बोलायला जागा उरली नाही. बेडूक सांगत होते की लॉन्ड्रीवाला मला शिव्या द्यायला वर आला होता हे मी लोकांना सांगून सांगून थकलो, तर लोक म्हणतात, काय विनय आहे तुमचा. सासूबाई पदोपदी हसत होत्या. त्या अशा हसतात हे मला माहीत नव्हतं.

"पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं," त्या म्हणाल्या.

"आता कोणी म्हणत नाही हो," बेडूक म्हणाले. "लॉन्ड्रीवाला गेला. आई गेली, बायको गेली. नातवंडं आपापल्या कानांत काहीतरी खुपसून बसतात. कितीही मोठ्यानं वाजवलं तरी दार वाजवायला कोणी येत नाही. वाजवण्यातली मजाच गेली."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाजवा," त्या म्हणाल्या. "मी म्हणते."

त्यांनी वाजवायला घेतलं. ऐंशी वर्षांची बोटं, त्यात फोनवरून, पण सुरुवातीच्या तीन-चार सुरांतच माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग मायक्रोफोनशी तोंड नेऊन, घरात हाक मारतात तशा ओरडल्या, "बंद कर ते!"

तो म्हातारा हसत हसत दुप्पट जोरात वाजवायला लागला. माझ्यासमोरचे आवाज मोजणारे काटे लाल रेषेपलीकडे गेले. आवाज कमी करू का म्हणून मी साहेबांकडे पाहिलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

पोस्टर बदललं. सासूबाई पुढचे चार दिवस माझ्या बिनखिडकीच्या खोलीत येऊन बसल्या. मी भारदस्तांचे प्रश्न काढून टाकायचे आणि सासूबाई त्या मोकळ्या जागेत आपले प्रश्न पुन्हा विचारायच्या. प्रश्न म्हातारे आणि उत्तरं तरुण, पण उत्तरं अशी बसली की जणू इतकी वर्षं त्यांचीच वाट बघत होती. सुरुवातीची घोषणा मात्र आम्ही भारदस्तांचीच ठेवली. तसं भारदस्तांसारखं बोलायला दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, आणि सासूबाईंनीच तसा आग्रह धरला. लॉन्ड्रीवाल्याच्या नातवाने पाटी काढायला साफ नकार दिला. धंदा वाढलाय, म्हणाला.

पहिला भाग लागला तेव्हा आम्ही तिघं घरातच रेडिओसमोर बसलो होतो. घोषणा संपली, गिटार वाजली, आणि सासूबाईंचा हात सवयीने बटणाकडे गेला. रेडिओतून त्यांचाच आवाज आला, बारीक, चिरका. त्यांनी बटण धरलं आणि आवाज वाढवला. मग आणखी वाढवला.

शेजारून भिंतीवर थापा पडल्या. बंद करा ते, शेजारचे काका पलीकडून ओरडत होते.

सासूबाई फिसकन हसल्या. टेपवरचे सगळे हसायचे, अगदी तशाच. नवऱ्याने विचारलं, आई, जरा कमी करू का?

"हात लावून तर बघ," त्या म्हणाल्या.