सातवी पायरी

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वल्लरी आली, ती शेडच्या दारातच उभी राहिली. एरवी ती वाऱ्यासारखी आत घुसायची आणि दत्ताजी "बूट! आधी बूट!" म्हणून ओरडेपर्यंत वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन मोकळी व्हायची. आज बूट घालूनच आली होती. काखेत जुन्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"ये बेटा, आत ये."

दत्ताजींनी देवासच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लोखंड जोडलं होतं. निवृत्त होऊन धारला परतल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली आणि सुट्टीच्या दिवशी येतील त्या मुलामुलींना वेल्डिंग शिकवायला लागले. त्यांच्या अटी दोनच. पायात बूट पाहिजे, आणि केलेल्या जोडाचा एक नमुना तोडून दाखवायचा. शिकंज्यात धरायचा, हातोडीनं तुटेपर्यंत ठोकायचा आणि तुटलेलं तोंड उजेडात धरून वाचायचं. करडं, रवाळ, फाटल्यासारखं दिसलं तर लोखंड लोखंडात उतरलं. एक बाजू गुळगुळीत निघाली, तर रॉड नुसता वरून वितळून बसला. जोड कच्चा. मुलं याला 'काकांचं पोस्टमॉर्टेम' म्हणायची आणि खिदळायची.

वल्लरी अठराची. आठ महिन्यांपासून येत होती. तिचे वडील उदाजीराव लोडिंग रिक्षातून धामनोदच्या ढाब्यांना भाजी पोचवायचे. पंधरा दिवसांपूर्वी ते गच्चीवरची टाकी बघायला शिडीवर चढले, वरून पडले, ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. इंदूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नाही. शिडी वल्लरीनं केलेली होती.

तिनं ओढणी सोडली. आत शिडीची एक पायरी होती, हातभर लांबीचा पाइप.

"काका, वाचा."

"वल्लरी, अगं आता..."

"तुम्हीच शिकवलंय ना? मग वाचा. घरी सगळे म्हणतात बाबांना शुगर होती, चक्कर आली. पडताना त्यांनी पायरी धरली म्हणून पायरी तुटली. सोनकच्छचे रघुजीकाका म्हणतात, पोरी, शिडीचा काय कसूर!"

"मग तसंच असेल."

"असेल नको. झूठ नका बोलू माझ्याशी. मी रोज बघते ही. एक दिवस वाटतं कच्चा आहे, दुसऱ्या दिवशी वाटतं नाही. माझा माझ्या डोळ्यांवर भरोसाच नाही राहिला. तुम्ही सांगा."

दत्ताजींनी चष्मा पुसला, पायरी घेऊन दाराशी गेले. चष्मा पुसायची गरज नव्हती. ओढणी सुटली तेव्हाच त्यांना कळलं होतं. नखाएवढा तुकडा फाटलेला होता. बाकी सगळीकडे पाइपची मूळची निळसर साल जशीच्या तशी होती. आगीनं तिला हातही लावला नव्हता.

तरी ते पायरी फिरवत राहिले. दसऱ्याच्या आधीचा रविवार त्यांना आठवत होता. गल्लीत कुठेतरी मांडव पडला होता, त्या लाइनवर भार आला होता आणि वीज कमी दाबानं येत होती. मशीन घुसमटत होतं. चांगला जोड लागताना भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. त्या दिवशी तो तुटत होता, रॉड चिकटत होता. दत्ताजी म्हणाले होते, "उद्या करू या." तर वल्लरी म्हणाली, "काका, बाबा रिक्षा घेऊन आलेत ना!" आणि उदाजीराव खरंच आत येऊन उभे होते, डोळ्यांवर काळी काच धरून, लेकीच्या हातातली ठिणगी बघत. "अहो, हिनं घरात कधी खिळा ठोकला नाही," ते सांगत होते, "आणि बघा आता!" शेवटची पायरी लागली. वरची पपडी झाडली, तर खाली सरळ, देखणी ओळ. नमुना तोडायचा राहिला होता. उदाजीराव मुलीकडे बघत होते, मुलगी दत्ताजींकडे. त्यांनी पाइपावर टिचकी मारली आणि म्हणाले, "पास!"

आता एकच वाक्य म्हणायचं होतं. जोड चांगला होता, बेटा. पोर घरी जाईल, रडेल आणि झोपेल. वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं.

"शिडी कुठे आहे आता?" त्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? तिथेच. रघुजीकाका ही पायरी कुणाकडून तरी परत लावून आणणार होते, मी दिली नाही. टाकीचा कॉक वरच आहे ना. आई चढते. सहावीवरून एकदम आठवीवर पाय टाकते."

दत्ताजी खाली स्टुलावर बसले.

"कच्चा आहे," ते म्हणाले. "पायरी आधी निघाली, मग ते पडले. आणि बाकीच्या पायऱ्याही अशाच असणार."

वल्लरीनं त्यांच्या हातातून पायरी परत घेतली.

"पण ऐक. त्या दिवशी करंट पुरेसा नव्हता. मला आवाजावरून कळलं होतं. थांबवायला मी पाहिजे होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग पास का म्हणालात?"

"तुझे बाबा समोर उभे होते गं. इतके खूश होते..."

"नापास केलं असतं तर काय झालं असतं?" तिचा आवाज चढला नाही. "एक दिवस तोंड पाडून बसले असते मी. बस्स."

बेचाळीस मुलांच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला होता. कुणाला दुखवायचं नाही, हीच आपली शिकवण्याची रीत, असं ते चार लोकांत सांगत आले होते. ते उठले. "चल. आधी आईला शिडीपासून लांब ठेवू."

घरी पोचले तर अंगणात कुणी नव्हतं. शिडी भिंतीला तारेनं बांधलेली, मधल्या एका पायरीची जागा रिकामी. वरून बादलीचा आवाज आला.

"आई!" वल्लरी ओरडली. "उतरू नकोस! तिथेच थांब!"

जानकीबाई कठड्याशी आल्या. "काय झालं? आणि दत्ताजीभाऊ तुम्ही? या, उतरतेच मी."

"वहिनी, शिडीला हात लावू नका. शेजारून बांबूची आणतो."

"अहो, मी रोज चढते-उतरते हिच्यावरून."

दत्ताजी सांगायला पुढे झाले, पण वल्लरीनं आधी सांगून टाकलं. मान वर करून, एका दमात. "आई, जोड कच्चा होता. माझ्या हातचा. बाबांना चक्कर नाही आली."

जानकीबाई कठडा धरून उभ्या होत्या. मग हळूहळू खाली बसल्या आणि दिसेनाशा झाल्या.

शेजारून बांबूची शिडी आली. दत्ताजींनी पायथा दाबून धरला. जानकीबाई उतरल्या, शेवटच्या पायरीवर दत्ताजींनी पुढे केलेला हात न घेता. लोखंडी शिडीकडे बघून म्हणाल्या, "टाकी भरलेली असली तरी चढायचे. पाहुणा आला की पाणी विचारायच्या आधी गच्ची दाखवायचे. म्हणायचे, लेकीनं केलीय, चढून तर बघा."

मग त्या दत्ताजींकडे वळल्या.

"तुम्ही बघितली होती ना, भाऊ? घरी आणल्यावर सांगत होते, काकांनी पास केली."

"बघितली होती. चूक कळली होती, वहिनी. बोललो नाही."

जानकीबाईंनी मान हलवली, जणू हिशोबातला एक आकडा कळला, आणि घरात गेल्या. दार उघडंच होतं. वल्लरी अंगणात उभी राहिली. आत जावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. दत्ताजींनी तिला जा म्हटलं नाही. ते पक्कड घेऊन तार सोडवायला लागले.

आतून हाक आली, "वल्लरी." त्या हाकेत राग होता की आणखी काही, हे कळत नव्हतं. हाक पुन्हा आली. वल्लरी दारात बूट काढून आत गेली, आणि थोड्या वेळानं दोघींचं रडणं एकदमच ऐकू आलं.

दत्ताजींना कुणी बोलावलं नाही. पायऱ्या तिथेच तोडून टाकाव्यात म्हणून त्यांनी हातोडी घेतली होती, पण आवाज आत गेला असता. त्यांनी ती पिशवीत ठेवली, शिडी खांद्यावर घेतली आणि सदुसष्टाव्या वर्षी, एकट्यानं, कोपऱ्या-कोपऱ्यावर थांबत गल्लीतून निघाले.

"काका, शिडी कुठे चालली?" नाक्यावर पोह्यांच्या ठेल्यावरून कुणीतरी विचारलं. "चांगली तर दिसते!"

"चांगली नाही, भिया," दत्ताजी थांबून म्हणाले. "हिच्यावरूनच उदाजीराव गेले. मी पास केली होती."

आणि पुढचं कुणी काही विचारेल म्हणून ते शिडी खांद्यावर तशीच धरून तिथे उभे राहिले.