अठरा पानं

“शिक्का नवऱ्याच्याही हातात द्यायचा नाही, इंतिझोर. नवरा कसला, माझ्यासुद्धा नाही,” बीकाजान आपा म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर ठेवलेला पितळी शिक्का त्यांनी माझीच बोटं मिटून झाकला.

नोकरीचा माझा पहिला दिवस होता. मला हसू आलं. अंगठ्याएवढा शिक्का, त्यावर नऊचा आकडा, आणि आपांचा आव असा की जणू खानाचा खजिनाच सोपवताहेत. मी म्हटलं, आपा, वीतभर दोरा आणि त्यावर मेणाचा गोळा, तो तर नखानंसुद्धा निघेल. ऊर्गेंचच्या कॉलेजातून इतिहास शिकून आले होते, त्यामुळे मला सगळं आधीच कळत होतं.

“निघेल की,” आपा म्हणाल्या. “म्हणून तर सांगते.”

खिवा शहरात जुन्या तटाच्या आत आमचं संग्रहालय रोज असंच बंद होतं. कुलूप लावायचं, दाराच्या दोन कड्यांतून दोरा ओवायचा, गाठीवर मेण दाबायचं, मेणावर शिक्का. मग वहीत दोन सह्या, एक शिक्केवालीची आणि एक साक्षीदाराची. सकाळी दोघींनी ठसा शाबूत आहे असं बघायचं आणि मगच दोरा तोडायचा. काही हरवलं तर कुलपाला कुणी विचारत नाही, ठशाला विचारतात.

जुन्या मदरशातल्या चार खोल्या, एवढंच आमचं संग्रहालय. लग्नकार्यातल्या वस्तू: पेट्या, झगे, भरतकामाचे पडदे. तिसऱ्या खोलीत आपा एकतीस वर्षं त्याच खुर्चीवर बसत आल्या होत्या. उंटाच्या लोकरीचे मोजे विणायचे आणि नजर मात्र लोकांच्या हातांवर. वय झालं म्हणून त्यांचा शिक्का काढून माझ्याकडे दिला होता. आपा आता नुसत्या साक्षीदार. मी आलेल्यांना माहिती सांगायचे आणि मधल्या वेळात घरी फोन करायचे. माझी ओयसुलुव तेव्हा आठ महिन्यांची होती. ती झोपली तरी मला काळजी, जागी असली तरी काळजी. सासूबाईंना मी दिवसातून पाच वेळा विचारायचे, श्वास नीट चाललाय ना. आपा सुईवरून नजर न काढता म्हणायच्या, “अगं, पोर आहे की घड्याळ? दर तासाला काय बघतेस?”

खोलीतली मुख्य वस्तू म्हणजे नवरीचं रुप्याचं शिरभूषण. पिरोजे, अकीक आणि कपाळावर लोंबणारी रुप्याची एकवीस पानं. आमच्याकडे लग्न झालेली जोडपी झग्यात-फेट्यात तटाच्या आत फिरतात, तशी संग्रहालयातही येत. नवरी काचेपुढे उभी राहिली की आपा विणकाम बाजूला ठेवत. “जरा वाक. अजून. हनुवटी वर.” मग काचेतलं तिचं प्रतिबिंब बरोबर त्या शिरभूषणाखाली जाऊन बसायचं आणि एकवीस पानं तिच्या कपाळावर यायची. “झाली बघ राणी. आता सरक, मागची खोळंबलीय.” खिव्यातल्या अर्ध्या बायकांनी ते असं घातलेलं आहे. मीसुद्धा.

त्या गुरुवारी चार वाजता सासूबाईंचा फोन आला. पोर तापानं फणफणलीय, डोळे फिरवतेय. बंद व्हायला दोन तास होते. शेजारच्या खोलीतली तोझागुल धावत आली. कॉलेजात चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, माझ्या लग्नात माझा पडदा धरून तीच उभी होती. ती म्हणाली, शिक्का दे, मी लावते, तू आधी पोर बघ. मी वहीत सही करून ठेवली आणि शिक्का तिच्या हातात दिला.

राहिली आपांची सही. मी हजर असल्याची, माझ्या हातून दार बंद झाल्याची साक्ष. आपांनी एकतीस वर्षांत न बघितलेल्या गोष्टीवर सही केली नव्हती. त्यांनी तोझागुलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रडत होते. त्यांनी सुया टोपलीत खोचल्या, चष्मा लावला, सावकाश सही केली आणि मला म्हणाल्या, “जा.”

ओयसुलुवला दात येत होता. सकाळपर्यंत ती खिदळायला लागली.

शुक्रवारी मला पोचायला उशीर झाला. तोझागुलनं दोरा तोडून खोली उघडलीसुद्धा होती. म्हणाली, परदेशी पाहुणे दारात ताटकळले होते, काय करणार. शिक्का तिनं माझ्या खिशात टाकला आणि गालावर चिमटा काढून गेली. मग आपा आल्या. रोजच्यासारख्या काचेपुढे उभ्या राहिल्या, विणायच्या सुईचं टोक काचेवर टेकवत डावीकडून उजवीकडे गेल्या. मग उजवीकडून डावीकडे.

“अठरा,” त्या म्हणाल्या.

त्या कचेरीकडे निघाल्या तेव्हा मी त्यांची बाही धरली. कालच्या सहीचं विचारतील, तुम्हीच अडकाल, थोडं थांबा, मी म्हटलं. आपांनी माझा हात सोडवला. तीन पानं नाहीत तर नाहीत, मी लिहिणार, एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं.

चौकशी बसली. तोझागुलनं सांगितलं की ती त्या दिवशी पाचलाच घरी गेली, शिक्का तिनं बघितलाही नाही. हे ती माझ्या शेजारी बसून, माझ्याच रुमालानं घाम पुसत म्हणाली. आपांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शिक्का इंतिझोरचा. तो तिनं कुणाला दिला, ते ती सांगेल.” मला तेव्हा वाटलं, म्हातारीनं अंग काढून घेतलं आणि सगळं माझ्यावर ढकललं. त्या रागानं मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

उपसंचालक शोन्याझ-आकांनी मला एकटीला बोलावलं. चहा दिला, ओयसुलुवच्या दाताची चौकशी केली. म्हणाले, तोझागुल माझी भाची आहे म्हणून सांगत नाही, पण पुराव्याशिवाय कुणाचं नाव लिहिलं तर तो बदनामीचा गुन्हा होतो. तुझ्या पदरात लेकरू, नवरा तिकडे रशियात, कझानला कामाला. तू फक्त खरं तेवढं लिही. चारला घरी गेले, बंद करताना हजर नव्हते, साक्षीदाराची सही बीकाजान आपांची. आपांना काय होणार आहे, असंही त्यांना निवृत्तच व्हायचंय. खांद्यावर झगा घालून, मानानं घरी पाठवू.

मी तिथेच बसून लिहिलं. पाच ओळी. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तोझागुलचं नाव तेवढं नव्हतं.

झगा कुणी घातला नाही. खोटी सही, ताब्यातल्या वस्तूची हानी, असा कागद आपांच्या हातात पडला आणि त्या दुपारीच गेल्या. फाटकापाशी आम्ही दहा-बारा जणी उभ्या होतो. एकतीस वर्षं त्या फाटकातून गेलेली बाई. पण पहारेकऱ्यानं त्यांची लोकरीची टोपली उलटी करून तपासली. गुंडे अंगणभर घरंगळले. आपांनी एकेक वाकून गोळा केला. मदतीला मी पुढे झाले, तर त्यांनी हाताच्या पंजानं मला थांबवलं. न बघता.

आठवड्यानं मी ओयसुलुवला भरवत होते आणि सासूबाई फोनवर लग्नाची चित्रफीत बघत होत्या. शोन्याझ-आकांच्या मुलीचं लग्न. त्या गुरुवारचं. सासूबाई म्हणाल्या, “बघ गं, हल्लीच्या पोरी पण हौसेनं जुन्या चालीचं घालतात.” नवरी लाझगी नाचाच्या ठेक्यावर खांदे उडवत होती आणि कपाळावर रुप्याची पानं नाचत होती. मी फोन हिसकावला. उजवीकडून चौथा खडा अकीक नाही, लाल काच आहे. कधीकाळी पडलेल्या खड्याच्या जागी बसवलेली. ती खूण आपांनीच मला एकदा दाखवली होती. नवरीच्या मागे तोझागुल टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी मी ते शोन्याझ-आकांपुढे धरलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, बापानं बघावं तसं, कौतुकानं. मग म्हणाले, अशी नकली बाजारात ढिगानं मिळतात, मुली. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत कुठेच नव्हती. तीन पानं नव्यानं घडवून घ्यायचा हुकूम निघाला आणि तिसऱ्या खोलीची खुर्चीही मलाच मिळाली.

तोझागुलला मी अंगणातल्या विहिरीपाशी गाठलं. ती लाजली नाही, भांडलीही नाही.

“तुझी पोर आजारी पडली, तू निघून गेलीस. माझ्या मामांनी मागितलं, मी दिलं,” ती म्हणाली. “दोघींनी घरच्यांसाठीच केलं ना? मग माझ्याकडे असं का बघतेस?”



त्याच पावली मी आपांच्या घरी गेले. शहराच्या दगडी दरवाज्याजवळ, तटाला पाठ लावून त्यांचं दोन खोल्यांचं मातीचं घर आहे. दार आतून लावलेलं. मी दाराशी तोंड नेऊन सगळं सांगितलं: नवरी, लाल काच, शोन्याझ-आका. मग दाराच्या अगदी पलीकडूनच आवाज आला. म्हणजे त्या पूर्ण वेळ तिथेच उभ्या होत्या.

“पानं मोजली तेव्हाच कळलं होतं मला. त्या संध्याकाळी तिनं पिशवी माझ्या समोरून नेली. मला वाटलं, त्यात तिच्या मामाच्या पोरीचे लग्नाचे कपडे असतील.”

मी विचारलं, मग चौकशीत नाव का नाही घेतलंत.

“शिक्का तुझा होता. मी वाट बघत होते, तू घेशील.”

एवढंच. त्यानंतर मी चार वेळा गेले. एकदा भाकरी उंबऱ्यावर ठेवून आले. भाकरी वाया घालवणाऱ्या त्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ती तशीच होती. शेजारीण म्हणते, आपा बहिणीकडे गेल्यात. त्यांच्या बहिणीला जाऊन सहा वर्षं झाली, मी मयतीला होते. बाजारात त्या दिसत नाहीत. आज बारा दिवस त्यांच्या अंगणातून तंदूरचा धूरही वर आलेला नाही. तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून मला तेवढंच दिसतं.

तुम्ही लोक येता, दोन दिवसांच्या तिकिटात सगळी संग्रहालयं बघता, तटावर चढून फोटो काढता. दगडी दरवाज्यानं बाहेर पडण्याआधी डावीकडच्या गल्लीत वळा. तिसरं दार, निळा रंग उडालेलं. वाजवू नका, त्यांना आवडत नाही, हाक मारा. परक्या माणसाला त्या दाराबाहेर ठेवणार नाहीत. चहा देतील. पेला अर्धाच भरला तर समजा, तुम्ही बसावं असं त्यांना वाटतंय. मग खरंच बसा, घाई करू नका. माझं नाव काढू नका. त्यांचे पाय बघा. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की त्यांचे घोटे सुजतात आणि त्या लांब झग्याखाली झाकून घेतात. सुजलेले दिसले, किंवा हाकेला ओ आलीच नाही, तर गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, तिथल्या बाईला जाऊन सांगा. ती मला कळवेल.