जांभळाच्या आळ्यातलं पाणी

मी झारी बोलतेय. पत्र्याची, गोडेतेलाच्या डब्यातून कापलेली. माजलगावच्या एका पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं आणि तोंडाला खिळ्यानं एकवीस भोकं पाडली. त्यातलं एक वाकडं पडलं, म्हणून माझी एक धार कायम डावीकडं जाते.

पुढं कडा गावातल्या एका दुकानात मी दोन वर्षं खिळ्याला लटकले. दुकानासारखी शाळा नाही. लोक भाव माझा विचारायचे आणि दोरी घेऊन जायचे. एक गोष्ट तिथंच शिकले: गिऱ्हाईक ज्या वस्तूकडं मुद्दाम बघत नाही, तीच त्याला हवी असते.

रतनबाई आली तेव्हा तिनं खुरपं पाहिलं, चाळणी पाहिली आणि जाता जाता तिसरीकडंच बघत विचारलं, "ती झारी गळती का ओ?"

"मावशी, गळायलाच केलीय की ती!" शेटजी म्हणाले. हसत हसत तिनं मला काखोटीला मारलं.

तिचे मालक सुंदरराव तेव्हा नुकतेच गेले होते. त्यांच्या घराण्यात माणसाला जाळत नाहीत, रानातच समाधी देतात. सासू-सासऱ्यांच्या शेजारी सुंदररावांची समाधी, तिच्या उशाशी रतनबाईनं लावलेलं जांभळाचं रोप. दर पाडव्याला मुलगा बद्रीनाथ पुण्याहून यायचा. मायलेक समाध्या धुवायचे, मोगरा छाटायचे, आळं उकरून त्यात उसाचं पाचट घालायचे, पुरणाचा निवद ठेवायचे. पाणी घालणं माझ्याकडं.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. गावानं पाणी सोसायटी काढली. टँकरचं पाणी माणशी दोन घागरी, झाडाला थेंब नाही. सभेत सगळ्यात मोठ्यानं होय म्हणाली ती रतनबाईच. शेजारच्या छबुबाईनं कढीपत्त्याला तांब्याभर पाणी घातलं, तर हिनं तिला चारचौघींत झापलं. कढीपत्ता वाळून गेला.

आणि भर दुपारी गाव लवंडलं की हीच बाई मला गोणपाटात गुंडाळून रानात न्यायची. पाणी तिच्या वाट्याचंच, पण नियम तिनंही मोडलाच. स्वतः दिवसभर दोन तांब्यांवर काढायची. ओठ फुटले होते. मला ते बघवत नव्हतं, पण झारीला विचारतंय कोण?

यंदा पाडवा शुक्रवारी आला, पुढं जोडून सुट्टी. बद्रीनाथ जांभूळ बघून हरखला. "माय, बाबांचीच कृपा ही!" तिनं निवद पुढं सरकवला.

शनिवारी सोसायटीचे चेअरमन शहादेव पाणाड्याला घेऊन रानात आले. सटवा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरला. समाधीच्या उशाशी येताच नारळ उभा राहिला.

"हितंच. दीडशे फुटावर लई पाणी हाय."

"आरं, दुसरीकडं बघ की," रतनबाई म्हणाली.

"समदं रान जळालंय वैनी. मग हे एकच झाड कावून हिरवं?"

उत्तर तिच्याकडं होतं; तिनं फुटले ओठ पदराआड केले. बद्रीनाथनं मान डोलावली. "गावाचं भलं होत आसंल तर बाबा न्हाई म्हनले नसते." ठरलं. रविवारी सकाळी मशीन. समाधीचा दगड सरकवायचा, जांभूळ काढायचं.

खरं सांगावं तर गावासमोर तोंड काळं; गप्प बसावं तर नवऱ्याच्या छातीत बोअर. घरी आल्यावर तिनं मला तीनदा उचललं, तीनदा ठेवलं.

रविवारी मशीन आलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन बांधावर उभ्या. दोघांनी समाधीच्या दगडाखाली पहार घातली. दगड करकरला, तशी रतनबाई उठली. वाळल्या मोगऱ्याआडचं गोणपाट ओढून तिनं मला बाहेर काढलं. पहाटेच तिनं मला भरून तिथं लपवलं होतं; माझ्या पोटात तिचं सकाळचं पाणी होतं. ते तिनं सगळ्यांदेखत आळ्यात ओतलं. वाकडी धार डावीकडं पडली. तिथली माती रोजच्या पाण्यानं काळीच होती.

"हे घ्या तुमचं दीडशे फुटावरचं पाणी."

सटवानं नारळ पाठीमागं धरला. मग छबुबाई पुढं आली.

"माजा कढीपत्ता वाळला गं, रतनबाई."

"वाळला. म्याच वाळवला."

बद्रीनाथ आईच्या ओठांकडं बघत राहिला. "माय, मग तू काय पीत व्हतीस?"

शहादेवांनी हातानंच खूण करून पहार काढायला लावली. मशीन परत गेलं. "वैनी, समाधी ऱ्हाईल. पर नियम सगळ्यांना सारखा. झारी जप्त."

तेव्हापासून मी सोसायटीच्या कचेरीत आहे. पुन्हा खिळा, पुन्हा भिंत. येणारा-जाणारा माझ्याकडं बोट दाखवून नियम सांगतो. लोकहो, सांगा की नियम, माझी ना नाही. फक्त तुमच्या गावात एखादं झाड असंच एकटं हिरवं दिसलं, तर खाली पाणी शोधू नका. घरात कोण तहानलेलं आहे, ते आधी बघा.

आज रतनबाई आपल्या घागरींसाठी नाव सांगायला आली होती. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. दुकानात शिकलेलं मी विसरलेले नाही. अंगठा उठवताना तिचा हात टेबलावर टेकला, तेव्हा दिसलं.

तिच्या नखांत ओली माती होती.