मिस्त्रींचे कान

गॅरेजच्या पाटीवर मिस्त्रींचं नाव नव्हतं आणि कुणाला त्याची गरजही पडली नव्हती. सगळे त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं शेजारी उभे राहिले की कुठे काय दुखतंय ते त्यांना बॉनेट न उघडता कळायचं. छत्तीस वर्षांत ते फार थोड्या वेळा चुकले होते. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. गॅरेजमध्ये त्यांच्या जोडीला होती ती सून. लग्नाआधी ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. गाड्यांना लॅपटॉप जोडायचे दिवस आले तेव्हा "बघू तरी" म्हणून एकदा आली आणि तिथलीच होऊन गेली.

एके वर्षी एक डॉक्टरबाई आपली लाल गाडी घेऊन आल्या. दोन दारांची, अठ्ठावीस वर्षांची टर्बो स्पोर्ट्‌स कार. बाई हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करायच्या, आणि ही गाडी त्यांनी पहिल्या नोकरीत हौसेनं घेतली होती. मध्यंतरी कुण्या हौशी माणसाच्या नादानं तिच्यात भलामोठा टर्बो बसवून घेतला, तेव्हापासून गाडीचा स्वभावच बिघडला होता.

"पाय दाबला की आधी ढिम्म हलत नाही," बाई म्हणाल्या, "आणि मग अंगात आल्यासारखी सुटते. मला शर्यती जिंकायच्या नाहीत मिस्त्री. मला रोज हिच्यातून कामावर जायचंय."

मिस्त्रींना हे बोलणं आवडलं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारा पंखा, इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा. पंखा मोठा असला की फिरायलाच वेळ लावतो. गावातल्या रस्त्यावर तो जागा होईपर्यंत पुढचा सिग्नल येतो. त्यांनी बाईंना समजावलं, की लहान टर्बो घालू, हवेचे पाइप आखूड करू, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हलकं बसवू. वरचा जोर थोडा जाईल, पण पाय टेकवताच गाडी 'ओ' देईल. बाई हो म्हणाल्या.

सहा आठवडे काम चाललं. कुजलेले रबरी होस पाइप काढले, गंजलेले बोल्ट तापवून सोडवले, एक तर कापावाच लागला. सुनेची नखं काळी ती काळीच राहिली. सगळं जुळून आल्यावर उरलं ते सगळ्यात नाजूक काम: ठिणगी नेमकी कधी पडावी ते ठरवणं. थोडी आधी पडली तर गाडी चपळ होते. फारच आधी पडली तर आतला जाळ पिस्टनवर हातोडी मारतो. त्याला नॉकिंग म्हणतात. लहान टर्बो कमी वेगातच हवा कोंबतो, त्यामुळे धोका तिथेच जास्त. लॅपटॉपवर आकडे सून टाकायची, पण किती टाकायचे ते मिस्त्रींचे कान सांगायचे. इंजिनाच्या अंगाला लावलेली तांब्याची नळी, तिला रबरी पाइप, आणि पाइपाचं टोक कानाच्या हेडफोनात. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की थांबायचं.

चढाच्या रस्त्यावर सून गाडी चालवत होती, चढ संपला की थांबून आकडा बदलत होती, आणि मिस्त्री शेजारी बसून "अजून एक अंश, अजून एक" म्हणत होते. चौथ्या चढाला सून म्हणाली, "बाबा, मला काहीतरी खडखडल्यासारखं वाटलं."

मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. "सायलेन्सरवरचा पत्रा असेल. घट्ट करून टाक," ते म्हणाले.

सुनेनं पत्रा घट्ट केला. पुढे ती काही बोलली नाही. ज्या माणसाच्या कानांवर घर उभं राहिलं त्याला कसं म्हणायचं की तुम्हाला ऐकू आलं नाही?

डॉक्टरबाई गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन करून तोंड भरून कौतुक केलं. नवव्या दिवशी गाडी क्रेनवरून परत आली. सकाळी बाई तातडीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या असताना हॉस्पिटलच्या चढावर गाडीनं निळा धूर सोडला आणि मान टाकली. बाई उरलेला चढ धावत गेल्या. दुसरे भूलतज्ज्ञ शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायला निघाले होते, पण तेही पोचले नव्हते. ऑपरेशन वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. आई वाचली. बाळ काचेच्या पेटीत होतं, आणि त्याचं काय होणार ते अजून कुणी सांगत नव्हतं.

बाईंनी गॅरेजमध्ये उभ्या उभ्या विचारलं, असं कशानं झालं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"पेट्रोलात भेसळ असेल," मिस्त्री म्हणाले. "एवढ्यात भरलं होतंत ना?"

वाक्य तोंडातून आपोआप निघालं होतं. सून पान्हा पुसत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

बाई गेल्यावर इंजिन उतरवून उघडायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या पिस्टनची कड तुटली होती आणि माथ्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते, वाळवीनं लाकूड खाल्ल्यासारखे. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं तर ते स्वच्छ होतं. मिस्त्री पिस्टन हातात घेऊन स्टुलावर बसले. घरात आपला फोन वाजतो, आपल्याला ऐकू येत नाही आणि सगळे आपल्याकडे बघतात, हे त्यांना वर्षभर माहीत होतं. टीव्हीचा आवाज कोण वाढवतं हेही माहीत होतं. फक्त इंजिनाच्या बाबतीत आपले कान शाबूत आहेत अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"तू म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"हो," सून म्हणाली. "पण एकदाच म्हणाले. पुन्हा म्हणायला हवं होतं."

"त्यातला दोष तुझ्याकडे येत नाही." त्यांनी पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि चपला घातल्या.

हॉस्पिटलच्या बाकावर ते दीड तास बसले. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी फडकं सोडून पिस्टन दाखवला आणि सगळं सांगितलं: खडखड झाली होती, सुनेला ऐकू आली, मला आली नाही, आणि पेट्रोलचं मी खोटं बोललो.

बाई बराच वेळ त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर मी पंपावर लेखी तक्रार केली. ज्यानं पेट्रोल भरलं त्या माणसाला मालकानं काल कामावरून काढलं."

मिस्त्रींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. बाईंनी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"माझ्या हाताला कंप सुटला आणि मी तो लपवला, तर माणूस मरेल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माफ करायचं की नाही ते मला आत्ता कळत नाही. आधी पंपावर जा. मीही तक्रार मागे घेते."

पंपाच्या मालकानं ऐकून घेतलं, खांदे उडवले, आणि येऊ दे परत म्हणाला. त्या माणसाचं घर एका गोदामाच्या मागे होतं. जाड भिंगांचा चष्मा, पन्नाशीचा, बोलायला मवाळ. अकरा वर्षं त्या पंपावर होता. मिस्त्री दारात उभं राहूनच बोलले. त्यानं मधे तोडलं नाही.

"भेसळ केली म्हणून काढलं, हे गल्लीत सगळ्यांना कळलंय," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही मला येऊन सांगितलंत. त्यांना कोण सांगणार?"

मिस्त्री दारातून वळले. पण ते तसेच परतले नाहीत. ते शेजारच्या दारावर गेले, मग त्याच्या पुढच्या. चूक माझी होती, या माणसाची नव्हती, एवढंच सांगत संपूर्ण गल्ली फिरले. काहींनी दार लावून घेतलं, एक म्हातारी पाणी घेऊन आली. चष्मेवाला उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तो पंपावर परत गेला नाही. जवळच्या गोदामात हजेरी लिहायच्या कामाला लागला. मिस्त्रींशी तो पुढे कधी बोलला नाही, आणि मिस्त्रींनीही तशी अपेक्षा ठेवली नाही.

बाळ सतराव्या दिवशी घरी गेलं. बाईंनी ते फोनवर कळवलं आणि त्याच फोनवर गाडीचं काम पुढे चालू करायला सांगितलं. अट एकच, ऐकायचं काम सुनेनं करायचं.

मिस्त्रींनी कानांची तपासणी करून घेतली. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून जवळजवळ गेलेले होते. कानात घालायचं मशीन मिळालं, पण त्यातून इंजिन ऐकलं की पत्र्याच्या छपरावर कुणी खडी ओतल्यासारखं सगळं एकच वाटायचं. नवा पिस्टन त्यांनी स्वतः बसवला. मोजमापाला कान लागत नाहीत, आणि त्यांची बोटं अजून केसाइतका फरक ओळखत होती.

चढाच्या रस्त्यावर या वेळी मिस्त्रींनी गाडी चालवली आणि हेडफोन सुनेनं लावला. पहिले दोन दिवस ती इतकी धास्तावलेली होती की कुठलाही आवाज आला तरी "थांबा" म्हणायची. मिस्त्री थांबायचे. तिसऱ्या दिवशी ती हेडफोन न काढता म्हणाली, "बाबा, हा पत्रा आहे. आणि हा... हा तो आहे." तिनं ठिणगी चार अंश मागे घेतली, पुन्हा ऐकलं, आणखी एक अंश मागे घेतली. गाडी थोडी मऊ झाली, पण पाय टेकवला की लगेच पुढे व्हायची, उगाच न उसळता.

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मिस्त्री एका जुन्या टेम्पोखाली आडवे पडून काम करत होते. बाईंनी चावी घेताना सुनेला विचारलं, आता भरवसा ठेवू का.

सुनेनं टेम्पोखालून बाहेर आलेल्या पायांकडे पाहिलं नाही. "हजार किलोमीटरनी परत आणा," ती म्हणाली. "मी पुन्हा ऐकून बघीन. त्याआधी काही वेगळं वाटलं तर तिथल्या तिथे बंद करा आणि मला फोन करा."

"तुम्हालाच?"

"मलाच."

गाडी गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबली, वळली आणि गेली. मिस्त्रींनी टेम्पोखालून हात बाहेर काढून चौदा नंबरचा पान्हा मागितला.